एकाच कडव्याचे मंगलाष्टक

महाडात दुमजली घर असलेला माणूस सहसा स्वतः वर राहतो आणि तळमजला भाड्याने देतो. आमचे घरमालक उलटे करीत. आम्हाला त्यांनी वरचा मजला दिला आणि स्वतः खाली राहिले. कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "पाणी मला ओळखतं. तुम्ही नवीन आहात."

पावसाळ्यात नदीचे पाणी बाजारपेठेकडे सरकू लागले की ते एक गाठोडे घेऊन जिना चढत आणि आमच्याकडे मुक्कामाला येत. गाठोड्यात दोन धोतरे, औषधाची डबी, बायकोचा फोटो आणि एक छोटा खलबत्ता असे. कविता कधीच नसत. माझ्या यजमानांनी एकदा विचारले, "काका, तुमच्या कविता खालीच राहिल्या की."

"त्या खाली नाहीत. लोकांच्या भिंतींवर आहेत. ज्यांच्या आहेत ते बघतील."

यात थोडीही बढाई नव्हती. काका मंगलाष्टके रचीत. नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली होती, त्यामुळे महाड-पोलादपूरच्या गावागावांत त्यांना 'मोजणीवाले काका' म्हणत, आणि ज्याच्या बांधाची मोजणी त्यांनी केली त्याच्या मुलीचे मंगलाष्टकही बहुधा त्यांनीच केलेले असे. लग्नात गुलाबी कागदावर छापून ते वाटले जाई आणि पुढे त्यातला एक कागद चौकटीत घालून घरात लागे. आमच्या गावातले साहित्यिक मात्र त्यांना कवी समजत नसत. कविसंमेलनात त्यांना आभार मानायला बोलावीत. ते आनंदाने जात आणि फार नेटके आभार मानत.

मी शाळेत मराठी शिकवले. सुरुवातीला माझेही मत साहित्यिकांसारखेच होते. ते बदलायला बरीच वर्षे लागली, आणि बदलले ते त्यांची नवी-जुनी मंगलाष्टके शेजारी ठेवून वाचल्यावर. सगळ्यांचे वृत्त एक, शार्दूलविक्रीडित. शेवटचे चरणही ठरलेले, 'कुर्यात् सदा मंगलम्'. प्रसंग एक, अंतरपाट एक, जमलेली माणसेही थोड्याफार फरकाने तीच. म्हणजे बदलायला फक्त लिहिणारा उरतो. इतका उघडा पडलेला दुसरा कवी मी पाहिला नाही.

तिशीतले काका चंद्राशिवाय लिहीत नसत.

चंद्राची उतरे प्रभा तव मुखी, तारे तुला लाजती

अशी आठ-आठ, कधी बारा कडवी. उन्हाळ्यातला मांडव, नवरदेवाला कोट, डोक्याला मुंडावळ्या, आणि हे डोळे मिटून चंद्र, चकोर, कमळ, भृंग असे एकेकाला बोलावीत. एका नवरदेवाला भोवळ आली होती असे त्या काळचे लोक सांगत. पत्रिकेतला मुहूर्त आणि प्रत्यक्षातला मुहूर्त यांच्या मधे काकांचा चंद्र उभा असे.

पन्नाशीच्या पुढे चंद्र गेला. बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीसाठी त्यांनी लिहिले,

पाणी येइल अंगणात, पहिले माणूस बाहेर न्या

मुलीचा मामा भर मांडवात रागावला. म्हणाला, "शुभकार्यात पाणी कशाला आणलंत, काका?"

"मी कुठं आणतो? ते येतंच," काका म्हणाले.

त्यानंतरच्या एका मंगलाष्टकात होते,

भांडावे तर भांडणे उरकुनी जेवायला या घरी

ही ओळ तर पुढे आमच्या आळीत म्हणीसारखी झाली. नवरा रुसून ओट्यावर बसला की शेजारीण आतून म्हणे, "उरकलं असेल तर या जेवायला."

मी एकदा त्यांना विचारले, की चंद्र नेमका कधी गेला. मला वाटले होते, ते वाचन, संस्कार, प्रगल्भता असे काही सांगतील. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "बायको गेल्यावर पहिलंच लग्न आलं. सवयीनं चंद्र लिहिला. मग मनात आलं, हिनं कधी वर बघितलं होतं? मी मागे ओट्यावर बसून चंद्रावर रचायचो आणि ही खाली मान घालून तांदूळ निवडत असायची. मला त्या तांदळातलं काही माहीत नव्हतं. मग लाज वाटली. खोडला."

तेव्हापासून त्यांची पद्धतच बदलली. मंगलाष्टक सांगायला कुणी आले की आधी मुलीच्या घरी जायचे, मग मुलाच्या. एस. टी.ने, छत्री घेऊन, थेट उमरठच्या बाजूपर्यंत. घरच्यांना वाटे, आता कुलदैवत विचारतील, आजोबांचे नाव विचारतील. हे विचारीत, "घरात आधी कोण उठतं? कुठली भाजी होत नाही? दिवा कोण बंद करतं?" उत्तरे लिहून घेत नसत. परतीच्या गाडीत पुढच्या बाकाच्या दांडीवर बोटांच्या पेरांनी वृत्ताचा ठेका धरीत. पुढे बसलेला माणूस वळून बघे. एकदा एक बाई म्हणाली, "काका, तबला शिकताव काय?" तर म्हणाले, "नाही. हिशेब जुळत नाही, जुळवतोय."

त्यांच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढले त्या वर्षी मी रविवारी सोबत म्हणून जाऊ लागले. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आम्ही एका मुलीच्या लग्नाचे विचारायला गेलो होतो. भिंतीवर त्या मुलीच्या आजीच्या लग्नातले मंगलाष्टक होते, चौकटीत. कागदाचा गुलाबी रंग उडून मातकट झाला होता. काकांनी ते जवळ जाऊन वाचले आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. पहिल्याच ओळीत चंद्र होता, दुसरीत चकोर.

"वहिनी," ते त्या आजीला म्हणाले, "हे उतरवा. मी तुम्हाला नवीन लिहून देतो. हे फार कच्चं आहे."

आजी आमच्यासाठी कोकम सरबत ढवळत होती. तिने मान वर केली नाही. "कच्चं म्हंजे?"

"म्हणजे खोटं हो. मी तुम्हाला तेव्हा नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. तोंड चंद्रासारखं आहे म्हणून ठोकून दिलं."

"मग नव्यात काय लिवणार?"

"तुम्ही घर कसं चालवलंत ते लिहितो. खरं ते."

"त्ये मला ठावं हाय," आजी म्हणाली. "सगळ्यांना ठावं हाय. चांद म्हनून एकदाच म्हनलं कुनी. तुमी म्हातारं झालाव म्हनून माजा चांद कशाला काढताव? राहू दे तिथं."

परतीच्या गाडीत त्यांनी ठेका धरला नाही. कशेडीच्या डोंगराकडे बघत बसले. महाड जवळ आल्यावर म्हणाले, "बाई, ती बरोबर बोलली. मला वाटत होतं, मी सुधारत चाललोय. नुसतं वय होत चाललंय. त्या वयात ते बरोबर होतं, या वयात हे." मग काही वेळाने, स्वतःशीच हसून, "पण चकोर तरी काढायला हवा होता."

ते कागद बघून कधी म्हणत नसत. सगळे पाठ. "वाचतात ती नोटीस," असे त्यांचे मत होते. हाच हट्ट पुढे नडला. वय झाले तसे शब्द निसटू लागले. आधी माणसांची नावे, मग वस्तूंची. चिमट्याला 'ते धरायचं' म्हणू लागले. तरी मंगलाष्टक पाठच म्हणत. एका लग्नात, महाडच्याच एका कार्यालयात, दुसऱ्या कडव्यात अडकले. मांडव थांबला. कुणी तरी हसले. मुलाच्या मित्रांनी स्पीकरवाल्याला खूण केली आणि लगेच तयार मंगलाष्टके सुरू झाली, गोड आवाजाची बाई, मधे बासरी. काका तोंड उघडे ठेवून तसेच उभे राहिले. पुढची ओळ त्यांना बहुधा आठवली होती, कारण ओठ हलत होते. ऐकू मात्र बासरीच येत होती.

त्यानंतर कुणी मंगलाष्टक सांगायला आले की ते म्हणत, "स्पीकरवर मिळतं आता. फार छान मिळतं." त्यांची बोटे स्थिर झाली. गाडीत नाही, ओट्यावर नाही, कुठेच ठेका नाही. जिन्यावरून येता-जाता मला ते शांत घर सहन होत नसे.

त्याच्या थोडेच दिवस आधी माझे यजमान गेले होते. ते औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होते. झोपेतच गेले. आमची मुलगी एकुलती एक. तिचे लग्न पोलादपूरच्या एका घरात ठरले, मुलगाही महाडलाच कारखान्यात नोकरीला. ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी ती खाली गेली. मी मागोमाग गेले.

"आजोबा, माझ्या लग्नात तुम्ही म्हणायचं."

"स्पीकरवर छान मिळतं गं. मधे बासरी असते."

"मला बासरी नकोय."

"तुला नको. सासरच्यांना हवी असेल."

"सासरच्यांना जेवण हवंय. आजोबा, बाबा हवेत त्यात."

काकांचा एक नियम होता, तरुणपणापासूनचा. मंगलाष्टकात फक्त मांडवात उभ्या असलेल्यांची नावे. गेलेल्यांची नाहीत. आणि तिकडे बैठकीत मुलाच्या आत्यानेही मला बाजूला घेऊन हेच सांगितले होते. आत्या म्हणजे त्या घराचा शेवटचा शब्द. "राग मानू नका गो. पन मुहूर्ताला गेलेल्याचं नाव नको. आमच्यात चालत नाय." मी हो म्हटले होते. विधवा आईला मांडवात फार मुद्दे मांडता येत नाहीत. कन्यादानही माझे दीर-जाऊ करणार होते.

मी काकांना ते सांगितले. ते म्हणाले, "आत्याबाई बरोबर बोलतात." मुलगी उठून वर गेली आणि दार लावून घेतले.

मला दोन्हींची भीती होती. काका अडकले तर पुन्हा ते हसणे, पुन्हा ती बासरी, आणि यातून हा माणूस उठणार नाही. नाही म्हणाले तर मुलीच्या लग्नात तिच्या वडिलांचा मागमूस नाही. मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तो चपला कुठं काढायचा?"

मला आधी कळेनाच. मग कळले. एवढी वर्षे एका घरात राहूनही ते आमच्या घरी पहिल्यांदाच आल्यासारखे विचारीत होते, मोजणीवाल्या काकांसारखे. मी सांगितले. मग विचारले, चिडला की काय करायचा? मुलीला शाळेतून आणताना कुठल्या रस्त्याने आणायचा? यजमान गेल्यापासून मला सगळ्यांनी धीर दिला होता. ते कसे होते, हे कुणी विचारले नव्हते. मी बोलतच राहिले. चिंच खायचे, पोपट पाळायचा होता, घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवायचे. सांगता सांगता दिवेलागण झाली. वर गेले तेव्हा दमल्यासारखे वाटत होते, पण ते दमणे चांगले होते.

पुढचे अनेक आठवडे खालून ठेका ऐकू येई. टेबलावर, पिंपावर, जिन्याच्या कठड्यावर. मधेच थांबे. मग बराच वेळ काही नाही. एकदा मी जेवण द्यायला गेले तर म्हणाले, "पूर्वी शब्द रांगेत उभे असायचे. मी नको नको म्हणायचो. आता एकेकाला घरी जाऊन आणावं लागतं. आणि आला की कशाला आला ते विसरतो." लग्नाच्या आदल्या दिवशी मी विचारले, "झालं का?" त्यांनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, मला समजले नाही.

लग्न पोलादपूरला, सकाळच्या मुहूर्तावर. भटजींची मंगलाष्टके झाली. मुलाच्या मामीने एक म्हटले. मग काका पुढे झाले आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. हातात कागद नव्हता. मी मागे, बायकांत होते. स्पीकरवाला आपल्या यंत्रापाशी बसला होता आणि त्याचा हात बटणाजवळच होता. कुणी तरी त्याला आधीच सांगून ठेवले असावे.

काकांनी खांबावर पेरांनी ठेका धरला आणि म्हटले,

जागा राहुन रात्र, जो मग चहा ठेवी घरी येउनी

माझे यजमान रातपाळी करून सकाळी येत, आणि झोपण्याआधी आम्हा दोघींसाठी चहा करून झाकून ठेवीत. आम्ही उठेपर्यंत ते झोपलेले असत. हे मी काकांना सांगितले नव्हते. सांगण्यासारखे काही त्यात आहे असे मला वाटलेच नव्हते. अंतरपाटाआड मुलीची मान खाली गेली.

आणि काका थांबले.

ठेका चालू होता, ओळ येत नव्हती. खांबावर नुसती बोटे. मांडवात कुजबुज सुरू झाली. स्पीकरवाला वाकला. तेवढ्यात त्याच्या शेजारी उभी असलेली आत्या, मुलाची आत्या, त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "थांब रे. म्हातारा येतोय, वाटंत हाय." तिने हात काढला नाही. मांडवही मग थांबला. लोक पुढच्या शब्दाची वाट बघत होते, हसत नव्हते. मी उभ्या आयुष्यात इतकी माणसे एका ओळीसाठी थांबलेली पाहिली नाहीत.

त्याच्या हातुन चालले घर तसे दोघे पुढे चालवा

काका म्हणाले, आणि लगेच 'कुर्यात् सदा मंगलम्', आणि मागे सरले. एकच कडवे, तेही पुरे नाही. अष्टक म्हणायची सोय नव्हती. नाव कुणाचेच घेतले नव्हते. 'सावधान' झाले, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. मुलीने हार घालताना गर्दीतून मला शोधले. ती रडत होती आणि तिचा चेहरा मोकळा झाला होता.

जेवणाच्या वेळी आत्या माझ्याजवळ आली. मी मनाची तयारी केली.

"तुमचं मालक खरंच च्या करायचं?"

"हो."

"रोज?"

"रातपाळी असली की."

ती थोडा वेळ नव्या जावयाकडे बघत राहिली. तो मित्रांत उभा होता. "आमच्यात एक बी करत नाय," ती म्हणाली. "ह्याला आता लावा सवय. मांडवात म्हनलंय, सगळ्यांनी ऐकलंय." आणि माझ्या पानात स्वतःच्या हाताने आणखी एक जिलबी वाढून गेली.

परतताना गाडीत काका माझ्या शेजारी होते. मी विचारले, "चहाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? रातपाळीहून आला की अर्धा कप मला खाली मिळायचा. तुम्ही दोघी झोपलेल्या असायच्यात. साखर जास्त घालायचा, मला चालत नाही म्हणून तुला सांगू नका म्हणायचा." ते हसले. "तो गेल्यावर सकाळचं मी बराच वेळ पायरीवर बसायचो. कशासाठी बसतो तेच आठवायचं नाही. हे लिहायला बसलो तेव्हा आठवलं."

माझे यजमान जाऊन इतके दिवस झाले होते, आणि त्यांच्याबद्दलची एक नवी गोष्ट मला अजून मिळायची होती. काका म्हणाले, "बाई, सुटलो. आता मला काही लिहायचं नाही." त्या कार्यालयात बासरी वाजल्यावर त्यांनी लिहिणे सोडले होते ते वेगळे होते. हे सोडणे पोट भरल्यावर पान सरकवल्यासारखे होते. लगेच त्यांना झोप लागली आणि महाडपर्यंत ते घोरत आले.

त्यानंतर ते थोडेच जगले, पण मजेत जगले. शब्द आणखी गेले, त्याची त्यांना फिकीर उरली नाही. नावे विसरली की सगळ्यांना 'अरे' आणि 'अगं' म्हणत आणि काम भागवीत. गेले तेही शांतपणे, उन्हाळ्यात, दुपारी पडल्या पडल्या. मी रडले, पण हळहळ अशी वाटली नाही. त्यांचे काही राहून गेले होते असे मला वाटत नाही.

मला ते आठवतात ते त्यांच्या शेवटच्या वर्षातल्या एका लग्नात. आळीतलेच लग्न होते, मी त्यांना हाताला धरून नेले होते. मंगलाष्टके स्पीकरवर लागली, तीच बाई, तीच बासरी. मी चोरून त्यांच्याकडे पाहिले. काका मान डोलावत होते. पहिलेच कडवे संपले, 'सावधान' अजून लांब होते, तोच त्यांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता एकदम नवरा-नवरीवर टाकून दिल्या. पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिले.

"काका, अजून वेळ आहे," मी म्हणाले.

"असू दे. माझं झालं," ते म्हणाले. "चल, आपण पहिल्या पंगतीला बसू. इतकी वर्षं मी म्हणेपर्यंत पहिली पंगत भरून जायची."

आणि खरोखरच, मागे मंगलाष्टके चालू असताना, आम्ही दोघे रिकाम्या पानांसमोर जाऊन बसलो. वाढपी अजून आले नव्हते. काका मांडी घालून, हात पुसून, अगदी खुशीत वाट बघत होते.